पाठीला ऊब द्या, पायांना नको

प्रश्न : नाना, म्हणजे माझे वडील, ६२ वर्षांचे आहेत. रब्बीत शेतीची लाईन बऱ्याचदा रात्री येते, मग गव्हाला पाणी भरायला ते बारा वाजता मळ्यात जातात. स्वेटर असतो, वर घोंगडी असते, तरी पहाटे बोटं आखडलेली असतात. मी पुण्यात नोकरीला. पॉवर बँकेवर गरम होणारं ‘ग्राफीन’चं जाकीट आणि तसेच मोजे ऑनलाइन पाहिले. नानांना दहा वर्षांपासून शुगर आहे. घेऊ का? ओल्यात शॉक बसेल का? धुता येतं का?
– एक वाचक, रावेर तालुका

उत्तर : ताई, जाकीट जरूर घ्या. मोजे मात्र घेऊ नका.

मोज्यांचं आधी सांगतो. जुन्या शुगरमध्ये पायांची जाणीव हळूहळू कमी होत जाते. ४४ अंश म्हणजे हाताला नुसतं छान कोमट. पण तेवढी उष्णता सलग सहा तास कातडीला चिकटून राहिली तरी भाजतं. तुम्हाला-मला चटका कळतो, आपण मोजा काढून फेकतो. नानांना कळणार नाही, आणि शुगरवाल्याच्या पायाची जखम लवकर भरत नाही. त्यांच्या पायांना कोरडे लोकरीचे मोजे आणि गमबूटच बरे.

आता जाकीट. अशा तापणाऱ्या कापडात हिटरसारखी तार नसते, कापडच तारेचं काम करतं. चांदीच्या अतिसूक्ष्म तारा, कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या किंवा ग्राफीनचे, म्हणजे कार्बनचेच अणूइतके पातळ, पापुद्रे शाईसारखे द्रवात मिसळतात, त्यात कापड बुडवून वाळवतात. धाग्यांवर बसलेली ही जाळी वीज वाहते आणि अडखळत वाहते, म्हणून तापते. २०१४-१५ च्या सुमारास अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी सुती कापडावर चांदीच्या तारांची अशी जाळी बसवली. तिची छिद्रं इतकी बारीक, की अंगातून निघणारी उष्णतेची लहर परत अंगाकडे वळते, पण घामाची वाफ आरपार जाते. बॅटरी बंद असतानाही ऊब टिकते ती यामुळे. आपल्या कापसाच्या मुलखात बसून हे वाचताना मला फार आनंद झाला होता. ऑनलाइनचं जाकीट मात्र तेच कापड असेल असं समजू नका. त्यात बहुधा आतून तापणाऱ्या पट्ट्या बसवलेल्या असतात, आणि ‘ग्राफीन’ लिहिलेल्या पट्टीत साधी कार्बनची शाईही असू शकते. नावापेक्षा तापमान ठरावीक ठिकाणी आपोआप थांबतं का, ते पाहा.

मागच्या हिवाळ्यात भुसावळला घरी मी कार्बनची शाई लावलेली सुती पट्टी करून पाहिली, तळहाताएवढी. विजेला होणारा अडथळा मीटरवर १२ ओहम. ५ व्होल्ट जोडले की साधारण दोन वॅट. थोड्या वेळात भाकरीच्या टोपलीवरच्या फडक्यासारखी ऊब आली. मग तीच पट्टी एकाच जागी पन्नास वेळा दुमडली. मीटर १९ वर गेला. एकूण ऊब कमी झाली, पण घडीच्या रेषेवर बोट ठेवलं तर तिथेच जास्त गरम! जाळी तुटली की उरलेल्या थोड्या वाटांवर सगळ्या विजेची गर्दी होते. म्हणून जाकीट घडी घालून ट्रंकेत दाबू नका, खुंटीला टांगा.

धुण्यातही तेच दुखणं. कापूस पाण्यात फुगतो, लेप तडकतो. चांदी असेल तर पैंजणासारखी काळी पडते. पट्ट्या काढता येतील असंच जाकीट घ्या, म्हणजे बाकीचं बिनधास्त धुता येईल.

शॉकचं म्हणाल, तर ५ व्होल्टचा शॉक बसत नाही. पाणी पॉवर बँकेत शिरलं तर मात्र ती बिघडून पेटू शकते. प्लास्टिकच्या पिशवीत घालून आतल्या खिशात ठेवायला सांगा. आणि हे नानांकडून वदवून घ्या : जाकीट अंगात असताना पॉवर बँक मोटारीच्या खोलीत चार्जिंगला लावायची नाही. स्वस्त चार्जर आतून फुटला तर मेन लाईन थेट अंगावर येते, आणि पाय तर चिखलात असतात.

१०,००० एमएएचची पॉवर बँक दहा वॅटचं जाकीट जेमतेम तीन तास चालवते. रात्र त्याहून मोठी. तेव्हा जाकीट आत आणि घोंगडी वर, उलटं नको. वाफा भरेपर्यंत बांधावर बसायचं तेव्हा चालू करायचं, फावडं हातात घेतलं की बंद.

सकाळी घरी आल्यावर आईला त्यांचे तळपाय उजेडात पाहायला सांगा, बोटांच्या बेचक्यासुद्धा. आणि गमबूट घालण्याआधी उलटा करून झटकायचा. आत खडा असला तरी नानांना तो टोचणार नाही.