‘आपल्यासारखेच’ म्हणण्याआधी

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

मे महिन्याच्या अखेरीस तू ग्वाटेमालातल्या शेला शहरात सहा महिने राहायला आणि स्पॅनिश शिकायला निघणार असल्याचे तुझ्या पत्रातून समजले. त्याच शहरात, त्याच कारणासाठी मीही एकदा सहा महिने काढले होते, म्हणून तू मला चार गोष्टी विचारल्यास, याचा मला मनापासून आनंद झाला. नकाशावर तुला हे शहर केत्सालतेनांगो या नावाने सापडेल. पण तिथले लोक आणि बसचे वाहक त्याला किचे या तिथल्या मूळ माया लोकांच्या भाषेतल्या जुन्या नावावरून ‘शेला’च म्हणतात, आणि तूही पहिल्या दिवसापासून तेच म्हण.

सामानाबद्दल थोडक्यात सांगते. मध्य अमेरिका म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उकाडा आणि जंगल येते, परंतु शेला समुद्रसपाटीपासून सुमारे 2,330 मीटर उंचीवर आहे आणि तिथल्या घरांत ऊब आणणारी कोणतीही सोय नसते, तेव्हा दोन जाड स्वेटर आणि लोकरीचे मोजे घेतल्याशिवाय निघू नकोस. न्हाणीघरात शॉवरच्या तोंडालाच पाणी तापवणारे विजेचे यंत्र बसवलेले असते. पाणी चालू असताना त्याला हात लावू नकोस. नळाचे पाणी पिऊ नकोस. तू पोहोचशील तेव्हा पाऊस सुरू झालेला असेल, आणि बाजारातली माणसे म्हणतील की ‘इन्व्हिएर्नो’ लागला, म्हणजे शब्दशः हिवाळा लागला. स्पेनहून आलेल्या भाषेत आपल्यासारखा पावसाळा नव्हता. म्हणून या देशाने मे ते ऑक्टोबरच्या पावसाला हिवाळा आणि नोव्हेंबर ते एप्रिलच्या कोरड्या दिवसांना उन्हाळा म्हणायचे ठरवले. जुलै-ऑगस्टमध्ये मध्येच पाऊस थांबतो, त्याला ‘कानिकुला’ म्हणतात. आपल्या शेतकऱ्याला पावसाचा खंड जसा काळजीत टाकतो, तसाच तो तिथल्या मका पेरणाऱ्यालाही टाकतो.

हे वाक्य लिहिताना मी स्वतःच थबकले, कारण तुला ज्या गोष्टीपासून सावध करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे तीच माझ्याकडून आत्ता झाली. ग्वाटेमालात गेलेल्या मराठी माणसाला दर दिवशी निदान दहा वेळा ‘अगदी आपल्यासारखेच’ असे म्हणावेसे वाटते. बाजारात कोथिंबिरीच्या जुड्या, हिरव्या मिरच्या, चिकू आणि सीताफळे दिसतात; तीन दगडांच्या चुलीवर मातीचा तवा दिसतो; पाट्या-वरवंट्यासारखा दगड दिसतो; आतित्लान सरोवराच्या काठच्या गावांत तर छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजमध्ये ज्या कंपनीच्या रिक्षा तयार होतात, तिच्याच तांबड्या रिक्षा चढावर धापा टाकताना दिसतात. परक्या मुलखात असे काही दिसले की जीव सुखावतो, आणि तो सुखावू द्यावा. परंतु ‘आपल्यासारखेच’ असे म्हणताक्षणी मनातली चौकशी थांबते, आणि पहिले दोन महिने माझी नेमकी तीच गत झाली होती.

मक्याचेच उदाहरण घे. मी ज्या घरात राहत होते त्या घरच्या बाईंना सगळी गल्ली ‘दोन्या’ म्हणून हाक मारत असे, म्हणून मीही त्यांचा उल्लेख तसाच करते. दोन्या तळव्यांवर थाप थाप करून तोर्तिया थापत, आणि तो आवाज ऐकून मी घरी पत्र लिहिले की इथे मक्याच्या भाकरीच करतात. ते चूक होते. आपण मका कोरडा दळतो, पीठ गरम पाण्यात मळतो आणि भाकरी थापतो. दोन्या मात्र आदल्या संध्याकाळी मका पाण्यात चुना घालून शिजवत; पानाला लावतो तोच चुना. रात्रभर तो तसाच भिजत ठेवून सकाळी चोळून धूत, आणि दाण्याची साल सुटून पाण्याबरोबर निघून जाई. मग तो ओला मका त्यांची मुलगी पातेल्यातून कोपऱ्यावरच्या गिरणीत नेई आणि परत येताना पीठ नव्हे, तर दळलेला तयार गोळा आणी. चुन्यामुळे तो गोळा एकजीव होतो, त्यात कॅल्शियम उतरते, आणि मक्यात बांधलेले नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू लागते. स्पॅनिश लोकांनी मका युरोपात नेला, पण चुन्याची ही रीत नेली नाही. पुढे उत्तर इटलीसारख्या प्रदेशांत केवळ मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा नावाचा रोग होऊ लागला, त्वचा सोलवटू लागली आणि माणसे भ्रमिष्ट होऊन मरू लागली. ज्या बायकांनी हजारो वर्षांपूर्वी ही रीत शोधली त्यांना नायसिनचे नाव ठाऊक नव्हते, परंतु त्यांनी आपली मुले जगवली. हे सगळे मला कळले ते तिसऱ्या महिन्यात, पातेल्यातले पिवळे पाणी कशाचे, असा साधा प्रश्न विचारल्यावर. तो पहिल्या आठवड्यात विचारता आला असता. पण ती भाकरी आहे, हे मी आधीच ठरवून टाकले होते.

वेलदोड्याची गोष्ट याच्या उलट आहे. चहासाठी मी घरून वेलदोडे नेले होते. त्यांचा वास घेऊन दोन्यांनी विचारले की हे औषध आहे का. ग्वाटेमाला हा जगातला सर्वांत मोठा वेलदोडा-निर्यातदार देश आहे; विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मन मळेवाल्यांमार्फत हे रोप तिथे पोहोचले, आणि आज आल्ता व्हेरापास प्रांतातल्या डोंगरउतारांवर केक्ची या माया समाजातले हजारो शेतकरी त्याचे पीक घेतात. ते जवळजवळ सगळे परदेशी, मुख्यतः अरबस्तानाकडे, तिथल्या कॉफीत घालण्यासाठी जाते. मूळचे आपल्या सह्याद्रीतले हे झाड त्या देशात इतके रुजले, आणि तरी तिथल्या स्वयंपाकघराचा उंबरठा त्याने ओलांडला नाही. कॉफीचेही काहीसे असेच आहे. जगभर नावाजलेली कॉफी पिकवणाऱ्या त्या डोंगरांत सकाळी तुला जो पेला मिळेल, त्यातली कॉफी बहुधा पातळ आणि गोड असेल, कारण उत्तम दाणा बोटीत चढलेला असतो. ती कॉफी नाक न मुरडता पी, आणि असे का होते याचा विचार कर.

आता भाषेविषयी. तिथल्या शाळांत एका विद्यार्थ्यामागे एक शिक्षक असतो आणि रोज चार-पाच तास समोरासमोर बसून बोलायचे असते, त्यामुळे व्याकरण तुला येईलच. मी सांगते आहे ते पुस्तकाबाहेरचे आहे. दुकानात, बसमध्ये, दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात शिरताना तिथे बसलेल्या सर्वांना ‘बुएनोस दियास’ किंवा दुपारनंतर ‘बुएनास तार्देस’ म्हणायचे असते. खानावळीतून उठताना शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी माणसांनाही ‘बुएन प्रोव्हेचो’, म्हणजे जेवण अंगी लागो, असे म्हणायचे असते. आपल्याकडे अनोळखी माणसाशी कारण नसताना न बोलणे हा संकोच समजला जातो, तिथे तो उद्धटपणा ठरतो. पहिल्या आठवड्यात मी दुकानात शिरताच वस्तूची किंमत विचारत असे, आणि दुकानदारीण आधी मला नमस्कार करून मगच किंमत सांगत असे. ती मला शिकवत होती, हे ध्यानात यायला मला फार वेळ लागला.

‘फिहेसे के’ हे दोन शब्द तुझ्या कानांवर पडले की वाईट बातमी येणार असे समज. शब्दशः ‘लक्षात घ्या की’, पण वळण आपल्या ‘त्याचे काय आहे ना’ याचे. फिहेसे के पाणी गेले आहे, फिहेसे के आज शिक्षक आले नाहीत. या वाक्यावर चिडणारे परदेशी मी पाहिले आहेत. नकार थेट तोंडावर फेकायचा नाही, तो हळूच खाली ठेवायचा, अशी ती रीत आहे. ‘व्होस’ आणि ‘उस्तेद’ यांचे नाते आपल्या ‘तू’ आणि ‘तुम्ही’सारखे वाटेल, आणि इथेही तू फसशील. तिथे आई मुलाला ‘उस्तेद’ म्हणून हाक मारते आणि त्यात दुरावा नसून माया असते. कोणाशी काय म्हणायचे हे ठरवू नकोस. समोरचा काय म्हणतो ते ऐक.

शिवाय स्पॅनिश ही तिथल्या अनेकांची दुसरी भाषा आहे हे विसरू नकोस. देशात 22 माया भाषा बोलल्या जातात, आणि त्यांखेरीज शिंका व गारिफुना आहेत. दोन्या चिमाल्तेनांगो भागातल्या एका काकचिकेल खेड्यातून लग्न होऊन किचे बोलणाऱ्या घरात आल्या होत्या, तेव्हा नवरा-बायकोची भाषा स्पॅनिश झाली आणि मुलांना आईची भाषा फक्त ऐकून ठाऊक राहिली. त्यांना काकचिकेलमध्ये ‘मात्योश’, म्हणजे धन्यवाद, असे मी ज्या दिवशी म्हणाले, त्या दिवसापासून मला स्वयंपाकघरात चुलीजवळची जागा मिळाली.

त्याच चुलीजवळ दोन्यांनी मला भूकंप सांगितला. 4 फेब्रुवारी 1976 रोजी पहाटे तीनच्या सुमारास 7.5 तीव्रतेच्या धक्क्याने त्यांचे गाव मातीत गेले; देशभरात सुमारे 23,000 माणसे गेली, आणि त्यांतली बहुतेक झोपेत, कच्च्या विटांच्या भिंतींखाली आणि कौलांखाली सापडली. त्या तेव्हा लहान होत्या. मी लातूर जिल्ह्यातली आहे हे तुला ठाऊक आहे. 30 सप्टेंबर 1993 ची ती पहाट, किल्लारीच्या दगडमातीच्या जाड भिंती, त्यानंतर कित्येक महिने छताखाली झोपायला घाबरणारी माणसे हे सगळे मी पाहिले आहे. त्या रात्री मी मोडक्या स्पॅनिशमध्ये ‘आमच्याकडेही’ एवढेच म्हणाले आणि पुढे आम्ही दोघी बराच वेळ काही बोललो नाही. सहा महिन्यांत हा शब्द मी योग्य जागी वापरला तो बहुधा तेवढा एकदाच.

परंतु त्याच दोन्या भूकंपावर तासभर बोलत, आणि 1980 नंतरच्या वर्षांचा विषय निघाला की ‘ला व्हिओलेन्सिया’, म्हणजे तो हिंसाचार, एवढे दोन शब्द उच्चारून उठून जात. 1960 मध्ये सुरू झालेले यादवी युद्ध 29 डिसेंबर 1996 च्या शांतता कराराने संपले. संयुक्त राष्ट्रांच्या पाठिंब्याने नेमलेल्या सत्यशोधन आयोगाने 1999 मध्ये सांगितले की 2 लाखांहून अधिक माणसे मारली गेली किंवा नाहीशी झाली, आणि ओळख पटलेल्या बळींपैकी बहुसंख्य माया होते. हे तू जाण्यापूर्वी वाचून घे, म्हणजे तिथे कोणाला विचारावे लागणार नाही. ज्याला सांगायचे असेल तो स्वतः सांगेल. कुतूहलापोटी कोणाच्या जखमेवरची पट्टी उचलण्याचा अधिकार भाषा शिकायला आलेल्या पाहुणीला नसतो, आणि या एका बाबतीत मी तुला विनंती करत नाही, निक्षून सांगते आहे.

प्रवासाबद्दल तुझ्या आईला काळजी वाटते, आणि ती अनाठायी नाही. अमेरिकेतल्या शाळांच्या जुन्या बसगाड्या रंगवून तिथे चालवतात, त्यांना ‘कामिओनेता’ म्हणतात. दोघांच्या बाकावर तिघे बसतात, वळणावर सगळे एकमेकांच्या अंगावर येतात. दिवसा बेलाशक बस, पिशवी मांडीवर ठेव, मात्र अंधार पडल्यावर गावाबाहेरचा प्रवास करू नकोस; तिथली माणसेही शक्यतो करत नाहीत. कोणती वाट टाळायची हे घरच्या बाईंना विचार. माया बायकांच्या विणलेल्या पोलक्यांचे, म्हणजे उइपिलांचे, फोटो परवानगीशिवाय काढू नकोस, आणि कमरेला बांधलेल्या मागावर काही महिने खपून विणलेल्या वस्तूची किंमत निम्मी करून मागू नकोस.

तू तिथे असेपर्यंत 1 नोव्हेंबर, तिथला मृतांच्या आठवणीचा दिवस, येईल, आणि शक्य झाले तर तो सुम्पांगो या गावी घालव. बांबू आणि पातळ कागदाचे पंधरा-वीस मीटर रुंदीचे गोल पतंग तिथे उभे केले जातात आणि लहान पतंग स्मशानभूमीवरून आकाशात सोडले जातात. थडग्यांवर झेंडू पसरलेला असेल. तो आपल्या दसऱ्याचाच झेंडू आहे, त्याच सुमारास फुलतो, आणि मुळात आपल्याकडे तो अमेरिका खंडातूनच आला. तिथे मात्र त्याचे नाव ‘फ्लोर दे मुएर्तो’, मृताचे फूल. आपण ते दारावर बांधतो आणि ते थडग्यावर वाहतात. माणसे थडग्यांवर बसून जेवत असतात, मुले खेळत असतात, कोणी गेलेल्या आजीला वर्षभराची हकीकत सांगत असते. मला तिथे काही क्षण फार अवघडल्यासारखे झाले, आणि मग एका कुटुंबाने सरकून जागा करून दिली.

पोहोचल्यावर पहिले पत्र सविस्तर लिही. सांता मारिया ज्वालामुखीचे वर्णन त्यात नसले तरी चालेल. तुझ्या घरी मका किती वेळ शिजतो, चुना मुठीने घालतात की चमच्याने, आणि गिरणीत कोण जाते, एवढे मात्र विचारून कळव.

तुझी,
बाई