पंधरा वर्षे गिटार वाजवल्यानंतर बेस गिटार विकत घ्यावी का? चारच तारा असल्यामुळे ती लवकर जमेल का?

आपल्या प्रश्नातल्या ‘चारच तारा’ या दोन शब्दांमुळे मी उत्तर लिहायला बसलो आहे, कारण नेमके हेच दोन शब्द मी २००३ साली तालमीच्या खोलीत उच्चारले होते आणि तेही ज्यांच्यासमोर उच्चारू नयेत अशा माणसासमोर.

त्या काळी मी पुण्यातल्या एका वाद्यवृंदात लीड गिटार वाजवत असे. गणपती आणि नवरात्र मिळून वीस-बावीस कार्यक्रम होत. बेसवर, म्हणजे खर्जातले स्वर देणाऱ्या गिटारवर, मूळचे गोव्याचे, साठी उलटलेले एक गृहस्थ होते, त्यांना लहानथोर सगळेच अंकल म्हणत. लहानपणी चर्चच्या शाळेत स्वरलिपी शिकल्यामुळे ते कागद समोर ठेवून वाजवत, आम्ही बाकीचे मात्र कानावर भिस्त ठेवून होतो आणि त्याचा आम्हाला उगाचच अभिमानही होता. एका तालमीत मी सी मेजर हा कॉर्ड (एकत्र वाजणारा स्वरांचा गुच्छ) धरलेला असताना त्यांनी खाली सी न वाजवता ए वाजवला. मी हात वर करून सगळ्यांना थांबवले आणि म्हणालो, ‘अंकल, कॉर्ड सी आहे. चारच तारा आहेत, त्याही चुकतात?’ ढोलकवाला हसला. अंकल वाद घालणाऱ्यांपैकी नव्हते. ‘बाबा, तू कॉर्ड वाजव. तो कुठला, ते मी सांगतो,’ एवढे म्हणून त्यांनी पुढच्या वेळी मुकाट्याने सी वाजवला. दोन हंगामांनंतर मालकांनी बेस की-बोर्डवाल्याच्या डाव्या हाताकडे सोपवून एक मानधन वाचवले. त्यांनी मला विचारले होते आणि मी ‘चालेल’ म्हणालो होतो. श्रोत्यांपैकी कोणी तक्रार केली नाही, हेही खरे.

चार वर्षांपूर्वी मी एक जुनी, ‘प्रिसिजन’ नावाच्या नमुन्याच्या घडणीची चार तारांची बेस गिटार विकत घेतली. पहिल्या दिवशी जाणवले ते तिचे वजन आणि लांबी. माझ्या गिटारच्या मोकळ्या तारेची लांबी साडेपंचवीस इंच आहे, बेसची ३४ इंच. आकडा ऐकून फारसे काही वाटत नाही, परंतु गिटारवर पहिला फ्रेट (मानेवरची धातूची आडवी पट्टी) नटपासून, म्हणजे मानेच्या टोकाला तारा जिथे टेकतात तिथपासून, सुमारे ३६ मिलिमीटरवर येतो आणि बेसवर तोच ४८ मिलिमीटरवर जातो. चार फ्रेटना चार बोटे ही २५ वर्षांची सवय मी तशीच पुढे चालवली आणि तीन आठवड्यांत मनगट धरून बसलो. डबल बेस वाजवणारे खालच्या भागात पहिले, दुसरे आणि चौथे बोट वापरतात आणि तिसऱ्याला चौथ्याच्या मदतीला ठेवतात, ही जुनी रीत मी दुखणे ओढवून घेतल्यानंतर शिकलो. आपण ती आधीच शिका.

तारा जाड आहेत, बोटांना फोड येतात वगैरे सगळे आपल्याला ठाऊक असेलच, त्यावर वेळ घालवत नाही. खरा धक्का ध्वनिमुद्रण ऐकताना बसला. मी साधा ड्रमचा ठेका लावून आठ मात्रांची एक ओळ वाजवली, ती वाजवताना मला उत्तम वाटली आणि ऐकताना चिखलातून चालल्यासारखी वाटली. स्वर बरोबर होते आणि वेळेवर सुरूही होत होते, परंतु एकही स्वर वेळेवर संपत नव्हता. शिवाय मी जी तार वाजवत नव्हतो ती शेजारच्या तारेच्या कंपनाने आपली आपण गुणगुणत होती. गिटारवर अशी गुणगुण डिस्टॉर्शनच्या, म्हणजे मुद्दाम फाटक्या केलेल्या आवाजाच्या, गोंगाटात खपून जाते, बेसवर ती सबंध गाण्याखाली पसरते. लिओ फेंडर यांनी १९५१ साली या वाद्याला फ्रेट दिले आणि स्वर नेमका लागतो म्हणून त्याचे नाव प्रिसिजन, म्हणजे अचूकपणा, ठेवले. अर्थात सुराची काळजी वाद्यानेच घेतली असल्यामुळे वाजवणाऱ्याच्या हाती स्वर कधी सुरू करायचा आणि कधी तोडायचा एवढेच उरते, आणि माझे नेमके तेच कच्चे निघाले. सहा महिने मी उजव्या हाताचा अंगठा वरच्या तारांवर टेकवून ठेवायला आणि डाव्या हाताची रिकामी बोटे तारांवर हलकेच पसरायला शिकत होतो, म्हणजे थोडक्यात न वाजवायला शिकत होतो.

मग एके रात्री ती जुनी गोष्ट करून पाहिली. गिटारवर सी मेजर वाजवून तो लूपरवर (वाजवलेले पुन्हा पुन्हा ऐकवणाऱ्या यंत्रावर) फिरत ठेवला आणि खाली बेसवर सी धरला, तेव्हा तो जसा होता तसाच राहिला. ए धरला आणि तोच कॉर्ड, वरचा एकही स्वर न बदलता, ए मायनर सेव्हन होऊन बसला. एफ धरला तेव्हा तर तो एफ मेजर नाइनसारखा उघडला. हे सिद्धान्त म्हणून मला २००३ सालीही ठाऊक होते, परीक्षेत विचारले असते तर लिहूनही दिले असते. परंतु आपल्या कॉर्डचे नाव खालचा माणूस बदलू शकतो, हे स्वतःच्या बोटाखाली होताना पाहिल्यावर मी लूपर तसाच चालू ठेवून बराच वेळ बसून राहिलो. त्या गाण्यात तो ए योग्य होता. पुढच्या डी मायनरकडे तो आपसूक नेत होता, आणि मी सीचा हट्ट धरल्यामुळे ती ओळ आम्ही त्या सबंध हंगामात ठोकळ्यासारखी वाजवली.

आता आपल्या प्रश्नाकडे येतो. विकत घ्या, हे माझे स्पष्ट मत आहे. परंतु महिनाभरात हाताशी येईल ती फक्त स्वरांची जागा, कारण ई, ए, डी, जी या तारा आपल्या गिटारच्या खालच्या चार तारांच्याच एक सप्तक खाली आहेत. बेस वाजवणे हे वेगळे काम आहे आणि दहा स्वरांच्या जागी दोन वाजवण्याची ज्याला लाज वाटते त्या गिटारवाल्याने ती घेऊ नये. तो चौथ्या मिनिटाला वरच्या फ्रेटांवर जाऊन सोलो वाजवू लागतो, आणि असे लोक मी पुष्कळ पाहिले आहेत, एक आरशात.

गिटारच्या ॲम्पमधून बेस वाजवू नका. मोकळ्या ई तारेचा मूळ स्वर सेकंदाला ४१ कंपनांचा असतो आणि गिटारच्या ई तारेचा ८२, त्यामुळे मोठ्या आवाजात तो स्पीकर फाटू शकतो. माझा फाटला. शेजाऱ्यांच्या दृष्टीने हेडफोन उत्तम. मोबाइलच्या स्पीकरवर स्वतःचे मुद्रण ऐकून मत बनवू नका, कारण तिथे मूळ स्वर पोहोचतच नाही, त्याच्या वरच्या उपस्वरांवरून कान तो जुळवून घेतो.

हे सगळे मी एकाच वाद्याच्या अनुभवावरून लिहितो आहे, हे आधी सांगायला हवे होते. पाच तारांची बेस मी कधी बाळगलेली नाही. आपला पंजा लहान असेल तर ३० इंची बेस पाहा, मग वर लिहिलेला मनगटाचा परिच्छेद बराचसा लागू होणार नाही.

राहिला पिकचा, म्हणजे तारा छेडायच्या छोट्या चकतीचा, मुद्दा, जो आपण विचारलेला नाही. अंकल म्हणत की पिकने बेस वाजवणारा माणूस बेस धरून गिटारच वाजवत असतो. ए त्यांचा बरोबर होता, मी मान्य केले. परंतु हे त्यांचे म्हणणे मला तेव्हाही पटले नाही आणि आजही पटत नाही. लॉस एंजेलिसच्या कॅरल के मूळच्या गिटारवादक. १९६३ साली एका ध्वनिमुद्रणाला बेसवाला आला नाही म्हणून त्यांनी बेस उचलली आणि पुढे असंख्य ध्वनिमुद्रणांत ती पिकनेच वाजवली. उलट मोटाउन या अमेरिकी ध्वनिमुद्रण कंपनीचे बेसवादक जेम्स जेमर्सन उजव्या हाताच्या एकाच बोटाने वाजवत, म्हणजे दोन बोटांचा आग्रह धरणाऱ्यांनी त्यांनाही नापास करायला हवे. स्वर कुठे तोडला जातो हे ऐकणाऱ्याला कळते, तो कशाने छेडला हे पुष्कळदा कळतही नाही. तेव्हा दुकानात कोणी ‘बोटांनीच वाजवा’ म्हणून शिकवू लागला तर मान डोलवा, घरी या, ब्रिजजवळ (वाद्याच्या अंगावर तारा जिथे टेकतात तिथे) तारांखाली स्पंजाचा पातळ तुकडा सरकवा आणि जाड पिक घेऊन बसा.