तमिळ सिनेमात बायपोलर आणि मानसिक आजार कसे दाखवतात? '३' मध्ये आहे तसंच असतं का खरंच?

तुम्ही लिहिलंय की मित्राला मागच्या महिन्यात बायपोलरचं (मूड टोकाला चढण्या-उतरण्याचा आजार) निदान झालं, कुणीतरी सांगितलं म्हणून धनुषचा '३' बघितला आणि तेव्हापासून तुमचीच झोप उडालीये. तर आधी तेवढं सांगून टाकते, त्या सिनेमाचा दुसरा हाफ म्हणजे तुमच्या मित्राचं भविष्य नाहीये. बाकीचं निवांत सांगते, जरा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

मी डॉक्टर वगैरे नाही. २०१० ते २०१६ चेन्नईत ओएमआरवर, म्हणजे तिथल्या आयटी कंपन्यांच्या रस्त्यावर, नोकरी केली, तमिळ जी काही येते ती सिनेमातून आणि मदुराईच्या रूममेटकडून आलेली, दर शुक्रवारी नाहीतर शनिवारी थिएटर ठरलेलं. आणि माझ्या सख्ख्या मोठ्या भावाला बायपोलर आहे. या दोन गोष्टींच्या जोरावर बोलतेय, त्यामुळे पटेल तेवढं घ्या.

'३' आम्ही २०१२ च्या एप्रिलमध्ये थिएटरात बघितला. तेव्हा दादाचं काहीच माहीत नव्हतं. आदल्या नोव्हेंबरपासून कोलवेरी गाण्याने अख्ख्या देशाला वेड लावलेलं, आमच्या सांगलीत हळदीला वाजत होतं ते, आणि लोक ते गाणं बघायला म्हणून आलेले. कोलवेरी म्हणजे खून चढणं, डोक्यात रक्त चढणं असं काहीतरी, पण नाचताना कोण अर्थ बघतो. तर पहिला हाफ शाळेतलं प्रेम, शिवकार्तिकेयनचे पंच, शिट्ट्या. इंटरव्हलनंतर मित्राच्या तोंडून बायकोला कळतं की नवऱ्याला बायपोलर होतं, आणि मग भास, अंगावर धावून जाणं, शेवटी आत्महत्या. थिएटर असं गप्प झालं की पॉपकॉर्नचा आवाज येईना. बाहेर पडताना रूममेट म्हणाली, भुताचा पिक्चर होता गं हा. तिचं हे वाक्य मी विसरले नाही कारण तिने अगदी बरोबर ओळखलं होतं, आजार तिथे भुतासारखाच वापरलाय.

आता काय खरं आणि काय नाही. धनुषने काम चांगलं केलंय यात वाद नाही, आणि ऐश्वर्या धनुषने पहिल्याच दिग्दर्शनात बायपोलर हे नाव स्पष्ट घेतलं हेही मोठंच, कारण हे नाव घेऊन अख्खा सिनेमा उभा केलेला तमिळमध्ये माझ्या बघण्यात तरी दुसरा नाही. आजार तीव्र असेल तर भास होऊ शकतात हे खरं. आत्महत्येचा धोका असतो हेही खरं, ते मी तुमच्यापासून लपवणार नाही, मित्र कधी मरणाची भाषा बोलला तर नाटक समजू नका, १४४१६ ला फोन करा, ती सरकारी टेलिमानस लाइन आहे, मराठीतही बोलतात. पण सिनेमात जे आहे ते मला बायपोलर कमी आणि सगळ्या आजारांची मिसळ जास्त वाटते. क्षणात हसरा क्षणात राक्षस. बायपोलर असा मिनिटामिनिटाला बदलत नाही हो. चढता काळ आठवडाभर, कधी त्याहून जास्त चालतो, उतरता काळ आठवडे, महिने. आणि दोन्हीच्या मधे माणूस कित्येकदा तुमच्याआमच्यासारखा असतो, ऑफिसला जातो, वांग्याला नाक मुरडतो. हा मधला काळ सिनेमात कुठेच नाही.

दादाचं सांगते म्हणजे कळेल. चढती फेज आली तेव्हा चार रात्री झोपला नाही, आणि दमलेला पण नव्हता, उलट एकदम टवटवीत, सतत बोलत होता, आणि त्या चार दिवसांत क्लास काढायचा म्हणून मित्राकडून पैसे उसने घेऊन साठ प्लास्टिकच्या खुर्च्या विकत आणल्या. साठ! त्यातल्या बऱ्याच अजून माळ्यावर आहेत, गल्लीत कुणाकडे बारसं असलं की आमच्याकडून नेतात. कुणाच्या अंगावर धावला नाही, गळा धरला नाही. आम्हाला तर आधी आनंदच झाला होता, कारण त्याच्या आधीचे दोन महिने तो अंथरुणातून उठत नव्हता, अंघोळ नाही, दाढी नाही, आणि घरातले सगळे आळशी म्हणून बोलत होते, मी पण. एका डॉक्टरांनी नुसतं डिप्रेशन समजून त्याच्या गोळ्या दिल्या आणि त्यावर हा असा उसळला, हे बायपोलरमध्ये होऊ शकतं हे आम्हाला नंतर कळलं. खरं निदान २०१४ मध्ये दुसऱ्या डॉक्टरांकडे झालं. तेव्हापासून लिथियम चालू, म्हणजे मूड स्थिर ठेवणारं औषध. दर काही महिन्यांनी रक्त तपासायचं, लिथियमची पातळी, थायरॉइड, किडनी. झोपेची वेळ ठरलेली. बास, हेच आहे. यावर कोण सिनेमा काढणार, आणि काढला तर तिकीट कोण घेणार!

माझं खरं म्हणणं इथे आहे. तमिळ सिनेमात (आणि हिंदीतही, पण तुम्ही तमिळबद्दल विचारलंय) मानसिक आजार हे बहुतेक वेळा इंटरव्हलचं गुपित असतं. कुणालातरी काहीतरी आहे, ते लपवलेलं आहे, ते फुटलं की पडद्यावर इंटरव्हल किंवा क्लायमॅक्स. त्यासाठी आजार लपलेला असावाच लागतो. '३' मध्ये राम (म्हणजे धनुष) आपल्या मित्राला सांगतो की जननीला, म्हणजे बायकोला, कळू द्यायचं नाही, आणि सिनेमा याला प्रेम म्हणतो. मला दुसऱ्यांदा बघताना तिथेच राग आला. त्या पोरीला माहीत असतं तर तिने त्याच्या झोपेवर लक्ष ठेवलं असतं, गोळ्या घेतल्या का विचारलं असतं. त्या गोष्टीत माणसाचा जीव आजाराने गेला त्याहून जास्त गुपिताने गेला असं माझं मत आहे.

आणि हे गुपित काही सिनेमावाल्यांनी शोधलेलं नाही. तमिळमध्ये म्हण आहे, लग्न झालं की वेड जाईल, वेड गेलं की लग्न होईल. ऐकून मी उडालेच, आपल्याकडे तंतोतंत हीच म्हण आहे की! दादाच्या वेळी आमच्या आत्याने हा सल्ला खरोखर दिला होता, मुलगी पण बघून ठेवली होती.

२००५ साल बघा म्हणजे गंमत कळेल. एप्रिलमध्ये रजनीकांतचा 'चंद्रमुखी', जूनमध्ये शंकरचा 'अन्नियन', दोन्हीत एका माणसात दुसरं माणूस, दोन्ही सुपरहिट. 'चंद्रमुखी' चेन्नईच्या शांती थिएटरात दोन वर्षांच्या वर चालला, मूळ गोष्ट १९९३ च्या मल्याळम सिनेमाची, आपण हिंदीत ती 'भूलभुलैया' म्हणून बघितली. त्यात रजनीकांत सायकिअॅट्रिस्ट आहे, पण उपचार काय तर रात्री एक मोठा देखावा उभा करायचा, खोटा राजा जाळायचा, सकाळी बाई ठणठणीत. आणि 'अन्नियन' आपल्याकडे हिंदीत 'अपरिचित' नावाने टीव्हीवर इतक्यांदा लागलाय की गावाकडच्या पोरांना पण अंबी, रेमो ही त्या एकाच माणसाची रूपं पाठ आहेत. त्यात नासर मानसोपचारतज्ज्ञ आहे, संमोहन करून सगळं उलगडून सांगतो, बहीण शॉक लागून गेल्याचा धक्का वगैरे. विक्रमचं काम मला आजही आवडतं, पोलीस स्टेशनातला तो दोन आवाजातला सीन तर अफाट. पण त्या एका सिनेमामुळे मला ऑफिसात किती जणांनी विचारलं असेल, तुझ्या भावाच्या अंगात दुसरा कोणी येतो का? अहो एका माणसात दुसरं माणूस असण्याचा तो आजार वेगळा, फार कमी दिसणारा, स्किझोफ्रेनिया वेगळा, बायपोलर वेगळा. मराठीत तरी कुठे धड आहे, स्किझोफ्रेनियाला आपणही वर्षानुवर्षं दुभंगलेलं व्यक्तिमत्त्व म्हणत आलोय.

सायको किलर छापाचे सिनेमे मी सोडून देते, भारतीराजाच्या 'सिगप्पु रोजाक्कळ'पासून ती रांग आहेच आणि त्यात आजार म्हणजे नुसता खुनाचा परवाना.

पण एक सिनेमा सोडता येणार नाही. दिग्दर्शक बालाचा 'सेतु', डिसेंबर १९९९. तुम्ही हिंदीतला 'तेरे नाम' बघितला असेल, त्याचाच मूळ. (मधला भांग आठवतोय का? आमच्या कॉलेजात निम्मी पोरं तशी फिरत होती, आणि हिरोचं शेवटी काय होतं ते कुणालाच आठवत नव्हतं.) डोक्याला मार बसून सेतु भ्रमिष्ट होतो आणि त्याला एका मठात नेऊन टाकतात, तिथे माणसं साखळदंडात. मी पहिल्यांदा बघितला तेव्हा वाटलं, हे जरा अतीच दाखवलंय, मेलोड्रामा. मग रूममेटने एर्वाडीचं सांगितलं. रामनाथपुरम जिल्ह्यात एर्वाडीचा दर्गा आहे, मनाचे आजार तिथे बरे होतात अशी श्रद्धा, त्याच्या आजूबाजूला खाजगी घरांत लोक आपल्या माणसांना ठेवून जायचे. ६ ऑगस्ट २००१ ला पहाटे अशाच एका झापांच्या शेडला आग लागली आणि २८ माणसं गेली, कारण ती बांधलेली होती, साखळ्यांनी. सिनेमा येऊन पावणेदोन वर्षं पण झाली नव्हती. त्यानंतर सुप्रीम कोर्टाने स्वतःहून दखल घेतली, तसली घरं बंद झाली, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात तर साखळीने बांधायला सरळ बंदीच आहे. म्हणजे बालाने काही वाढवून सांगितलं नव्हतं. माझी तक्रार उलट आहे, त्याने ती साखळी दाखवली खरी पण प्रेमभंगाच्या कामाला लावली. सेतु बरा होतो, बाहेर येतो, त्याची प्रेयसी मेलेली असते, तो आपणहून परत मठात जातो. आपण रडतो ते त्याच्या प्रेमासाठी, शेजारी बांधलेल्या बाकीच्यांसाठी कोणी रडत नाही, त्यांना तर नावं पण नाहीत.

विनोदी ट्रॅकमध्ये वेगळीच तऱ्हा. चेन्नईत कुणी विचित्र वागलं की कीळपाक्कमला पाठवा म्हणतात, कारण सरकारी मनोरुग्णालय तिथे आहे, १७९४ पासूनची संस्था. आपण येरवडा नाहीतर ठाणे म्हणतो तसंच अगदी. आणि हिरॉइन जरा बालिश, बडबडी असली की ती 'लूसु पोण्णु', म्हणजे डोक्याने सुटलेली पोरगी, हा तर तिथे एक ठरलेला साचाच आहे, त्यावर तमिळ बायकाच सगळ्यात जास्त वैतागतात. मजा म्हणजे याच शहरात १९८४ पासून स्कार्फ ही स्किझोफ्रेनियावर काम करणारी संस्था आहे, शारदा मेनन यांनी काढलेली, १९९३ पासून रस्त्यावरच्या मनोरुग्ण बायकांसाठी बॅनियन नावाची संस्था आहे. एवढं मोठं काम स्टुडिओंपासून रिक्षाच्या अंतरावर चालू, आणि पडद्यावर मात्र अजून संमोहन.

चांगलं काहीच नाही का? आहे की. बालू महेंद्रचा 'मून्ड्राम पिरै' (१९८२, हिंदीत 'सदमा'), वैद्यकीयदृष्ट्या त्यातली स्मृती जाणं येणं म्हणजे गोष्टच आहे, पण शेवटच्या स्टेशनच्या सीनमध्ये कमल माकडउड्या मारतो आणि बरी झालेली श्रीदेवी त्याला वेडा समजून तोंड फिरवते, तिथे वेडा कोण हे बघणाऱ्याच्या जागेवर ठरतं हे जसं पोचतं तसं कुठल्या भाषणाने पोचणार नाही. आणि २०१९ चा 'गेम ओव्हर', त्यात तापसीला झालेल्या अत्याचाराचा दिवस वर्षाने परत जवळ येतो तसं तिचं अंग घाबरायला लागतं, अंधार सहन होत नाही, हे इतकं नीट दाखवलंय, डॉक्टर पण साधे डॉक्टरसारखे बोलतात. पुढे टॅटूचं भूतबीत येतं ते सोडून द्या.

मराठीतलं बघायचं असेल तर मित्राच्या घरच्यांना 'देवराई' किंवा 'कासव' दाखवा, त्यात आजाराबरोबर राहणाऱ्या माणसांना पण जागा आहे. '३' आत्ता नको, निदान एवढ्यात तरी नको.

हे मी सांगतेय खरी, पण २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मी स्वतःच तो लॅपटॉपवर लावला होता, दादा शेजारी. मला परत बघायचा होता, आणि तो म्हणाला लाव की, कोलवेरीचाच ना. सुरुवातीलाच हिरो गेलेला कळतं, तरी पहिला हाफ त्याला जाम आवडला, शिवकार्तिकेयनला तर खो खो हसत होता भाषा कळत नसून. पडद्यावर इंटरव्हल आलं आणि हा उठला. साडेदहा वाजले होते. उरलेला तू बघ, मला गोळी घेऊन झोपायचंय. मी उरलेला एकटीने बघितला, आवाज बारीक करून.

सकाळी पोहे खाताना विचारलं, कशाने गेला गं तो शेवटी? मी म्हटलं, ॲक्सिडेंट.

दुपारी खालच्या खोलीतून त्याचा मेसेज आला. सिनेमाच्या माहितीची लिंक, आणि खाली एकच शब्द, ॲक्सिडेंट?