मिठात रेणूच नसतो, तर मिठाचं रेणुवस्तुमान ५८.५ कसं?

तुमच्या मुलाची शंका बरोबर आहे. त्याला "एवढा विचार करू नकोस, अणुवस्तुमानांची बेरीज कर" असं कुणी सांगितलं असेल, तर सांगणाऱ्याचं चुकलं. मिठात सोडियम एक इलेक्ट्रॉन देऊन टाकतो, क्लोरीन तो घेतो, आणि मग हे धन आणि ऋण आयन (म्हणजे विद्युतभार असलेले अणू) सगळ्या दिशांनी एकमेकांना धरून बसतात. एका सोडियमभोवती सहा क्लोराइड, एका क्लोराइडभोवती सहा सोडियम. यातला कोण कुणाचा जोडीदार? कुणीच नाही. फक्त प्रमाण एकास एक. त्या प्रमाणाचं वजन २३ अधिक ३५.५, म्हणून ५८.५. याला सूत्र वस्तुमान म्हणायचं. पाण्याचं १८ मात्र खरोखर एका सुट्या रेणूचं, कारण तिथे ऑक्सिजन दोन हायड्रोजनशी इलेक्ट्रॉन वाटून घेऊन बसलेला असतो. (क्लोरीनचा तो अर्धा कुठून आला, हेही तो विचारेलच. ३५ आणि ३७ वजनाचे क्लोरीन साधारण तीनास एक असे मिसळलेले असतात, त्याची ती सरासरी.)

हे पचायला जड जातं यात मुलाचा दोष नाही. ब्रॅग पितापुत्रांनी क्ष-किरण वापरून १९१३ च्या सुमारास मिठाची ही रचना शोधली. तरी १९२७ मध्ये आर्मस्ट्राँग नावाच्या नामवंत ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने, वयाच्या ७९व्या वर्षी, 'नेचर'मध्ये रागाने पत्र लिहिलं. मीठ म्हणजे बुद्धिबळाच्या पटासारखे आलटून पालटून बसलेले आयन, त्यात रेणू नाही, हे त्यांना अजिबात मान्य नव्हतं.

पण तुम्ही प्रश्नाच्या शेवटी जे लिहिलंय ना, "ही बेरीज पुढे आयुष्यात कुणाला लागते?", खरं तर त्यासाठी मी लिहायला बसलो.

मला लागली. भोसरी एमआयडीसीत एका प्लेटिंगच्या, म्हणजे धातूचा मुलामा चढवायच्या, कारखान्यात मी बरीच वर्षं काढली. शिक्षण पेठेतल्या मराठी शाळेत, पुढे आयटीआय. आमचे साहेब बीएस्सी फर्स्ट क्लास, आणि हे ते दिवसातून एकदा तरी ऐकवायचे. एकदा तांब्याची नवी टाकी भरायची होती, हजार लिटरची. कागदावर लिहिलेलं, तांबं हवं लिटरला ५० ग्रॅम. म्हणजे ५० किलो तांबं. साहेबांनी कॅल्क्युलेटर काढला. तांबं ६३.५, गंधक ३२, चार ऑक्सिजन ६४, झाले १५९.५. त्यावरून मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, आलं १२५ किलो. पंचवीस किलोच्या बरोबर पाच गोण्या! हिशेब इतका नीट बसल्यावर माणसाला वाटतं, आपण बरोबरच असणार.

मी म्हटलं, साहेब, गोणीत निळं मोरचूद आहे. त्याच्या सूत्रात टिंब देऊन पुढे पाच पाणी लिहिलेलं असतं, ते नव्वद राहिले. २४९.५ धरा. १९६ किलो लागेल, आठ गोण्या.

साहेब सगळ्यांसमोर हसले. म्हणाले, "अरे, टाकीत पाणी आपण वरून ओततोच की! त्याचं वजन कशाला धरायचं?"

आता हे ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं बघा. पण ते पाणी म्हणजे गोणीला लागलेली ओल नव्हे. पाचातले चार रेणू थेट तांब्याला बांधलेले असतात, पाचवा हायड्रोजन बंधांनी सल्फेटला धरून असतो. शाळेत आमच्या सरांनी परीक्षानळीत मोरचूद तापवून दाखवलं होतं. निळे खडे पांढरे पडले, नळीच्या तोंडाशी थेंब जमले, आणि गार झाल्यावर त्यावर पाणी टाकलं तर परत निळं. टाकीत पडल्यावर ते पाणी पाण्यात मिसळतं, कबूल. पण काट्यावर गोणी ठेवता तेव्हा ते गोणीतच असतं. शंभर किलो मोरचूद विकत घेतलंत की त्यातल्या छत्तीस किलो पाण्याचे पैसे मोजलेत.

पाच गोण्या पडल्या. पहिलाच लॉट बाहेर आला तो कोपऱ्यांवर जळलेला, खरखरीत, तपकिरी. करंट नेहमीचा आणि तांबं कमी, म्हटल्यावर कडा जळणारच. साहेबांनी दोन दिवस रेक्टिफायर, म्हणजे टाकीला करंट देणारं यंत्र, उघडून बसवला. मग नमुना लॅबला गेला आणि तांबं निघालं बत्तीसच्या आसपास. आणखी तीन गोण्या गुपचूप मागवल्या गेल्या. टाकी सुधारली, आणि साहेब आजही कुठे लग्नात भेटले की म्हणतात, "तेव्हा रेक्टिफायरच खराब होता." साहेब, तुम्ही हे वाचत असाल तर गोणीवरचं लेबल बघा. पेंटाहायड्रेट, म्हणजे पाच पाणी, ठळक छापलेलं असतं.

तर मुलाला सांगा, टिंबाच्या पुढचं सोडू नकोस. धुण्याच्या सोड्याचं १०६ काढून थांबणारी मुलं मी पाहिली आहेत, तिथे दहा पाणी धरून २८६ होतात. अणुवस्तुमानं पाठ करायची युक्ती विचारलीत, तर तशी युक्ती नाही. दहा-बारा गणितं करता करता डोक्यात बसतात. बंध मात्र आधी समजू दे, बेरीज मग.

आणि हो, "आयनिक म्हणजे रेणू नाही, सहसंयुज (इलेक्ट्रॉन वाटून घेणारा बंध) म्हणजे रेणू" असा नियम करून देऊ नका. हिरा आणि वाळू दोन्ही सहसंयुज, पण त्यांतही सुटा रेणू नसतो. उलट मीठ प्रचंड तापवून त्याची वाफ केली तर तिच्यात सोडियम-क्लोरीनच्या जोड्या सापडतात. आणि मोरचूद विषारी आहे, ते तापवायचा प्रयोग घरी गॅसवर नको, शाळेच्या प्रयोगशाळेतच. पेपरात "मिठाचे रेणुवस्तुमान काढा" असं आलं तर वाद न घालता ५८.५ लिहून मार्क घ्यावेत. वाद पेपर संपल्यावर सरांशी घालावा, आणि जरूर घालावा.