घाटरस्ता, आईवडील आणि एएमटी

प्रश्न : आम्ही कोल्हापूरला राहतो. रोज शहरात फिरण्यासाठी आणि आईवडिलांना घेऊन अधूनमधून आंबा घाटातून रत्नागिरीला जाण्यासाठी वॅगनआर घ्यावी की स्विफ्ट? एएमटी (आपोआप गिअर बदलणारी गाडी) घाटात चालते का?

उत्तर : चालवण्याचा आनंदच पाहायचा असेल, तर माझे मत निःसंशय स्विफ्टला आहे, कारण वळणावर ती कमी कलते. परंतु वॅगनआरच्या उंच आसनावर आईवडिलांना फारसे न वाकता बसता येईल, म्हणून आपण तीच घ्यावी. मात्र भरल्या गाडीने घाट चढायचा असल्याने ९९८ सीसीऐवजी ११९७ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन निवडावे. (२०२४ च्या नव्या स्विफ्टला तीनच सिलिंडर दिले, हे मला अजूनही खटकते.)

एएमटी हा मुळात नेहमीचाच गिअरबॉक्स असून त्यात क्लच आणि गिअर चालकाऐवजी यंत्रणाच हाताळते. चढावर ती कधीकधी नको तेव्हा वरचा गिअर टाकते, त्यामुळे घाट लागताच मॅन्युअल मोडमध्ये खालचा गिअर धरावा. उतारावरही तसेच केल्यास ब्रेक कमी तापतात. चढावर वाहतूक खोळंबली, तर गाडी ॲक्सिलरेटरवर तोलून धरू नये, कारण त्याने क्लच जळतो. सरळ ब्रेक दाबून थांबावे.