पूर्वछाया: सावली माणसाच्या आधी कशी पडेल?

प्रश्न असा आला आहे: "भाऊ, गुड फ्रायडेला शेजाऱ्यांसोबत सदरमधल्या एका चर्चमध्ये गेलो होतो. दुपारी बारा ते तीनची उपासना, बाहेर मरणाचं ऊन. पाळकसाहेब म्हणाले, 'मोशेने रानात उंच केलेला पितळेचा साप ही ख्रिस्ताची पूर्वछाया होय.' माझं डोकं तिथंच अडकलं. माणूस आला की त्याची सावली येते. आधी सावली अन् मग माणूस, हे कसं? शब्द चुकला की मी?"

दोघंही बरोबर. फक्त तुम्ही दुपारच्या उन्हात विचार करत होता. नागपुरात त्या वेळी सावली पायाखालीच असते. मेच्या शेवटच्या आठवड्यात तर एक दिवस तीही गायब होते. हाच शब्द संध्याकाळी घेऊन बसा. घराचं तोंड पश्चिमेला आहे, ऊन उतरलंय, पाहुणा अजून फाटकाशीच आहे, पण त्याची लांबलचक सावली ओसरीवर येऊन टेकली आहे. उजेड येणाऱ्याच्या पाठीमागे असला की सावली आधी पोचते. मात्र ती कोणाची, हे तो दारात उभा राहिल्यावरच कळतं. 'पूर्वछाया'चा ख्रिस्ती अर्थ या शेवटच्या वाक्यात आहे. मोशे हा इस्राएली लोकांचा पुढारी. जुन्या करारातल्या कथेत तो पितळेचा साप खांबावर लावतो, आणि साप चावलेला जो कोणी त्याकडे पाहील तो जगतो. रानात ज्यांनी त्या खांबाकडे पाहिलं, त्यांना ख्रिस्त वगैरे काही दिसला नव्हता. त्यांना जगायचं होतं. योहानाच्या शुभवर्तमानात येशू स्वतः म्हणतो की मोशेने साप उंच केला तसंच मनुष्याच्या पुत्राला उंच केलं जाणं भाग आहे. ते वाचून मागे वळल्यावर तो साप कोणाची सावली होता, हे ओळखू येतं.

मुळात शब्द नुसता 'छाया'. नव्या करारातल्या ग्रीक 'स्किया'चं ते भाषांतर. कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात खाणंपिणं, सण, शब्बाथ (आठवड्याचा विसाव्याचा पवित्र दिवस) यांना पुढे येणाऱ्या गोष्टींची छाया म्हटलंय, आणि शरीर मात्र ख्रिस्ताचं. 'पूर्व' तिथं नाही. तो इंग्रजी 'फोरशॅडो'च्या धर्तीवर पुढे चिकटला असावा, असा माझा अंदाज. संस्कृतच्या कडक मास्तरांना 'पूर्वच्छाया' हवं असेल, कारण ऱ्हस्व स्वरापुढे 'छ' आला की मध्ये 'च्' येतो. पण आपण 'छत्रछाया' बिनदिक्कत लिहितो, तेव्हा 'पूर्वछाया'लाच का अडवायचं?

'छाया'चा आणखी एक अर्थ इथं मजा आणतो. संस्कृत नाटकांच्या छापील प्रतींत शकुंतला, तिच्या सख्या प्राकृत बोलतात आणि त्या प्राकृताचं संस्कृत रूप सोबत दिलेलं असतं. त्याला 'छाया' म्हणतात. तिथं मूळ आधी आणि छाया नंतर. पाळकसाहेबांच्या वाक्यात नेमकं उलटं.

ग्रीकमध्ये याच कामाचा दुसरा शब्द आहे 'टुपोस', म्हणजे ठोकून उमटलेला ठसा. रोमकरांस पत्रात आदाम हा येणाऱ्याचा 'टुपोस' आहे. मराठी बायबलात तिथं 'प्रतिरूप' येतं. आणि येशूचा शिष्य थोमा ज्या खिळ्यांच्या खुणा पाहिल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही म्हणतो, त्या खुणांनाही ग्रीकमध्ये हाच शब्द. मला विचाराल तर 'ठसा' हा 'छाये'पेक्षा भारी आहे. शिक्का नंतर दिसतो, पण ठशाच्या खोलीवरून त्याचं वजन आधीच कळतं.

एक घोटाळा मात्र टाळा. पूर्वछाया वेगळी, भाकीत वेगळं. भाकीत बोललं जातं, पूर्वछाया घडते. वल्हांडण या यहुदी सणाचं कोकरू, तीन दिवस माशाच्या पोटात राहिलेला योना, स्वतःच्या होमाची लाकडं वाहून नेणारा इसहाक, या पूर्वछाया. बेथलेहेमातून राज्यकर्ता निघेल हे मीखा संदेष्ट्याचं वाक्य भाकीत. भाकितात शब्दाशब्दावर वाद होतो. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या सातव्या अध्यायात हिब्रू शब्द 'आल्मा', म्हणजे तरुणी. ग्रीक भाषांतरकारांनी तिथं 'पार्थेनोस', म्हणजे कुमारी, असा शब्द ठेवला, शुभवर्तमान लिहिणाऱ्या मत्तयाने तोच उचलला, आणि ख्रिस्ती-यहुदी वाद आजवर चालू आहे. ज्यूंच्या वाचनात या ग्रंथांवर नासरेथच्या कुणाचीच सावली नाही. यशयाच्या ५३व्या अध्यायातला दुःख सोसणारा सेवक म्हणजे त्यांच्या लेखी बहुधा इस्राएल राष्ट्रच. 'जुना करार' हे नावही ख्रिस्त्यांचं. ग्रंथ तेच, पण ज्यूंची मांडणी इतिहासाच्या पुस्तकांवर, पर्शियाच्या कोरेश राजाने दिलेल्या परतीच्या परवानगीवर थांबते. ख्रिस्त्यांची मलाखीच्या पुस्तकावर, एलीया संदेष्टा येणार या वाक्यापाशी. पुढचं पान उलटायलाच लावणारी मांडणी! आपल्याकडे फादर स्टीफन्सनी १६१६ साली ख्रिस्तपुराण छापलं तेही याच चालीने: पहिले पुराण जुन्या कराराचं, दुसरे ख्रिस्ताचं.

आता ज्याची ही सावली, तो 'मशीहा'. पेपरात 'गरिबांचा मसीहा' वाचून आपण त्याला तारणहार समजतो. हिब्रूत तो तेल लावलेला, म्हणजे अभिषिक्त. 'ख्रिस्त' हा त्याचाच ग्रीक अवतार. येशूचं आडनाव नव्हे. शौल, दावीद हे राजे, याजक सगळे 'मशीहा', आणि यशया तर त्या परक्या कोरेशालाही तेच म्हणतो. हिब्रू क्रियापद 'माशाख', तेल चोपडणे. आपलं 'माखणे' कानाला किती जवळचं वाटतं! पण ते संस्कृत 'म्रक्ष्'वरून आलंय, नातं काही नाही.

सापाकडे परत. हिब्रूत साप 'नाखाश' आणि पितळ-तांबं 'नेखोशेत'. कथेतच कोटी आहे. पुढे लोक त्या सापापुढे धूप जाळू लागले, तेव्हा हिज्कीया राजाने तो फोडून टाकला, असं राजांच्या दुसऱ्या पुस्तकात आहे. त्याचं नाव पडलं होतं 'नेहुश्तान', दोन्ही शब्दांची आठवण देणारं. पाळकसाहेबांनी हा भाग सांगितला होता का? पुढच्या वर्षी गेलात तर विचारा.