अष्टकोनी घड्याळ घरी घडवताना

प्रश्न : मी यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेतली असून शिवाजी उद्यमनगरातील मामांच्या कारखान्यात सुट्टीच्या दिवशी लेथ आणि मिलिंग मशीन मला वापरायला मिळते. ओडेमार पिगे या स्विस कंपनीच्या ‘रॉयल ओक’ घड्याळाची काचेभोवतीची अष्टकोनी कड मला फार आवडते. ते विकत घेणे आवाक्याबाहेरचे आहे, म्हणून त्या धर्तीचे घड्याळ स्वतः करायचे ठरवले आहे. आतले मशीन कोणते घ्यावे? कडेवरच्या आठ स्क्रूंच्या खाचा मूळ घड्याळात इतक्या नेमक्या एका वळणात कशा येतात? आणि माझी बहीण सुचवते त्याप्रमाणे डायलवर त्या कंपनीचे नाव घातले तर चालेल का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपला मधला प्रश्न आधी घेतो, कारण त्याचे उत्तर कळले की काय घ्यायचे आणि काय सोडायचे हे आपले आपणच ठरवू शकाल. जेराल्ड जेंटा यांनी रेखाटलेले हे घड्याळ १९७२ मध्ये आले. केस, म्हणजे मशीन ज्यात बसते ती बाहेरची डबी, ३९ मि.मी. रुंदीची आणि साध्या पोलादाची होती, तरी किंमत मात्र सोन्याच्या घड्याळांच्या तोडीची होती. कडेवर दिसणारे ते आठ स्क्रू खरे तर बोल्ट आहेत. त्यांची डोकी षटकोनी असून कडेत तशाच षटकोनी खळग्यांत बसतात, त्यामुळे ती फिरूच शकत नाहीत. आवळायचे काम मागच्या बाजूने होते. खाचा एका वळणात येतात त्या यामुळे. हे बोल्ट शोभेचे नसून कड, तिच्याखालची रबराची पट्टी आणि केस यांना एकत्र धरून ठेवतात. जोड लपवायचा नाही, तो उघड दाखवायचा, हा जेंटांचा खरा विचार होता आणि मला त्याबद्दल मनापासून आदर वाटतो.

म्हणूनच माझा सल्ला असा, की आपल्या घड्याळात स्क्रू काही धरून ठेवणार असतील तरच ते घालावेत. षटकोनी खळगा ड्रिलने होत नाही, आणि बारीक कटरने मिलिंग केले तरी कोपऱ्यांत गोलाई उरते. वरून नुसते चिकटवलेले स्क्रू पाहणाऱ्याच्या लगेच लक्षात येतात. कड मागून चार साध्या स्क्रूंनी आवळावी आणि वरचा अष्टकोन मोकळा ठेवावा. तो तसाही सुंदर दिसतो.

त्या मोकळ्या अष्टकोनात सगळे सौंदर्य पॉलिशमध्ये आहे, तेव्हा वेळ तिथे घालवावा. मूळ कडेचा वरचा सपाट भाग रेघांचा आहे आणि उतरता काठ आरशासारखा चकचकीत. या दोहोंमधली धार जितकी तीक्ष्ण, तितके काम उत्तम. जाड काचेच्या तुकड्यावर पॉलिश पेपर चिकटवावा, कड त्यावर पालथी ठेवावी आणि बोटांचा दाब सारखा राखून एकाच दिशेने ओढावी. पुढे-मागे घासली की रेघा तुटतात आणि धार गोल होते. आधी ४००, मग ६०० नंबरचा पेपर पुरेसा आहे. पहिली कड पितळेची करावी. स्टेनलेस स्टील कापताना कठीण होत जाते आणि हत्यार नुसते घासले गेले तर पुढचा काप घेणे अवघड होते. हा अनुभव पितळेवर हात बसल्यानंतर घेतलेला बरा.

मशीन घरी करण्याच्या फंदात पडू नये. सेइकोचे एनएच३५ हे ऑटोमॅटिक मशीन सहज मिळते, त्याच्या मापाचे काटे आणि डायलही मिळतात. ते तासाला २१,६०० ठोके घेते आणि पूर्ण चावीवर सुमारे ४१ तास चालते. अडचण जाडीची आहे : हे मशीन ५.३२ मि.मी. जाड आहे, तर मूळ घड्याळातले अवघे ३.०५ मि.मी. होते. तेवढ्याच रुंदीच्या केसमध्ये जाड मशीन घातले की घड्याळ डबीसारखे दिसू लागते. केसची रुंदी ४१ मि.मी.पर्यंत वाढवावी, किंवा थोडा जास्त खर्च सोसून ३.९ मि.मी. जाडीचे मियोता कंपनीचे ९०१५ हे ऑटोमॅटिक मशीन घ्यावे. मी दुसरा पर्याय निवडेन.

जोडणीत दोन ठिकाणी हात थांबवावा. तारीख असलेल्या मशीनवर काटे बसवण्यापूर्वी चावी फिरवत तारीख बदलेपर्यंत जावे आणि त्याच क्षणी तास व मिनिट, दोन्ही काटे बाराच्या अंकावर बसवावेत. नाहीतर तारीख भलत्याच वेळी बदलते. सेकंद काट्याचे भोक एनएच३५मध्ये फक्त ०.२० मि.मी.चे आहे, तो बसल्यावर घड्याळ डोळ्यांच्या पातळीवर आडवे धरून, मागे पांढरा कागद ठेवून, तिन्ही काटे बारा तास फिरवून पाहावेत आणि ते कुठेही एकमेकांना टेकत नाहीत याची खात्री करावी. चावीचा दांडा कापताना एकदम माप गाठू नये. चावी आणि केस यांच्यात जेवढी फट दिसेल त्याहून थोडे कमीच कापावे, उरलेले कानशीने उतरवावे. जास्त कापला गेलेला दांडा वाढवता येत नाही, म्हणून दोन दांडे आणून ठेवावेत.

केसला जोडलेला, कडी-कडीने निमुळता होत जाणारा मूळ पोलादी पट्टा हे घरच्या कामाच्या पलीकडचे प्रकरण आहे. आपण कोल्हापुरात आहात. चपलांसाठी वनस्पतीजन्य प्रक्रियेने कमावलेले कातडे आपल्याला घराजवळ मिळेल. त्याचा पट्टा सुरुवातीला ताठ वाटतो आणि घामाने काळवंडतो, पण मला तो पोलादाहून जास्त शोभेल असे वाटते. हे घड्याळ घालून पोहू मात्र नये.

आता नावाविषयी. बहिणीचा हेतू प्रेमाचा आहे, तरी कंपनीचे नाव किंवा चिन्ह डायलवर कृपया घालू नये. दुसऱ्याचे व्यापारचिन्ह खोटेपणाने मालावर लावणे हा ट्रेड मार्क अधिनियम, १९९९ नुसार गुन्हा आहे, आणि असे घड्याळ उद्या कोणाच्याही हाती गेले तर ते बनावट म्हणूनच ओळखले जाईल. त्या कायद्यात वस्तूचा आकारही व्यापारचिन्ह ठरू शकतो, म्हणून अशी घड्याळे विकण्याचा विचार मनात आला तर आधी वकिलाचा सल्ला घ्यावा. डायल रिकामी वाटत असेल तर एच.एम.टी.च्या काही ‘जनता’ घड्याळांवर असत तसे देवनागरी अंक घालावेत, आणि मामांच्या कारखान्याचे नाव व वर्ष मागच्या झाकणावर आतल्या बाजूने कोरावे.